एका काट्यावरून अख्खा मासा, आणि 'अंदाजे' लिहिलं म्हणून मारलेली फुली



आज सुरुवातीलाच एक चूक कबूल करते. माझीच.

सातवीच्या वर्गाला 'सम प्रमाण व व्यस्त प्रमाण' शिकवत होते. आमची शाळा किनाऱ्याजवळच्या गावातली. वर्गातली बरीच मुलं मासळीच्या धंद्यातल्या घरांतून येतात. वह्या-पेनांची आणि मजुरांची उदाहरणं सोडवून झाल्यावर मला वाटलं, परिसराशी जोडलेलं एखादं उदाहरण द्यावं. फळ्यावर लिहिलं, '४० सेंटीमीटर लांबीच्या सुरमईचं वजन अर्धा किलो आहे, तर ८० सेंटीमीटर लांबीच्या सुरमईचं वजन किती?' लांबी दुप्पट, म्हणजे वजन दुप्पट, म्हणजे उत्तर एक किलो. मी स्वतःवरच खूश होते.

सगळ्यांनी एक किलो लिहिलं. एका मुलीने लिहिलं, 'अंदाजे ४ किलो.' तिची आई बाजारात मासळी घेऊन बसते. मी विचारलं, "रीत कुठे आहे? आणि अंदाजे म्हणजे काय? गणितात अंदाजे नसतं." ती म्हणाली, "बाई, एवढी मोठी सुरमई एका किलोत कशी येईल? चारच्या आसपास भरते. गाभोळी असली तर जास्तच." वर्ग हसला. मी लाल पेनाने फुली मारली. त्यानंतर बरेच दिवस तिने हात वर केला नाही.

उत्तर तिचं बरोबर होतं आणि चुकले होते मी. हे मला उमगलं ते गणिताच्या पुस्तकातून नाही, तर पुरातत्त्वशास्त्राबद्दल वाचताना. उत्खननात माशाचं एखादं हाड सापडतं. त्यावरून तो मासा किती लांब होता, किती वजनाचा होता हे अभ्यासक शोधून काढतात. त्यांची पद्धत समजून घेता घेता मला माझी फुली आठवली. म्हणून हा लेख.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. अंदाज करणं म्हणजे उत्तर न येणं नव्हे. अंदाज ही एक शिस्त आहे, तिला रीत आहे आणि तिच्या मर्यादाही मोजता येतात. आपण शाळेत ही शिस्त शिकवत नाही. उलट जे मूल ती घरून घेऊन येतं, त्याला गप्प करतो.

हाडावरून मासा कसा मोजतात?

पद्धत ऐकायला सोपी आहे. अभ्यासक आधी आजचे मासे गोळा करतात. एकाच जातीचे लहान, मध्यम, मोठे असे पुष्कळ. प्रत्येकाची लांबी मोजायची, वजन करायचं, मग मांस काढून सांगाडा स्वच्छ करायचा आणि ठरावीक हाडं मोजायची. खालच्या जबड्याचं हाड, वरच्या जबड्याच्या टोकाचं दात असलेलं हाड, पाठीचे मणके. आणि डोक्यातला खडा. घोळ किंवा ढोमा साफ करताना डोक्यात पांढरे खडे मिळतात ना, तेच. शास्त्रज्ञ त्याला ऑटोलिथ म्हणतात. तो कानाच्या पोकळीत असतो, चुन्याचा बनलेला असतो आणि मासा वाढतो तसा वाढत जातो.

आता आलेख कागद घ्या. आडव्या अक्षावर हाडाची लांबी, उभ्या अक्षावर माशाची लांबी. प्रत्येक मासा म्हणजे एक बिंदू. असे तीस-चाळीस बिंदू टाकले की दिसतं, ते एका रेषेच्या आजूबाजूला जमलेत. ती रेषा काढली की काम झालं. जमिनीतून आलेलं हाड मोजायचं, आडव्या अक्षावर ते माप शोधायचं, तिथून वर रेषेपर्यंत जायचं आणि डावीकडे माशाची लांबी वाचायची. आपण आठवी-नववीत शिकवतो त्या आलेखापेक्षा यात फार वेगळं काही नाही.

एक गोष्ट मात्र मुलांना आवर्जून दाखवण्यासारखी आहे. बिंदू अगदी रेषेवर पडत नाहीत, थोडे इकडे-तिकडे विखुरतात. सारख्या लांबीच्या दोन माशांचे जबडे हुबेहूब सारखे नसतातच. म्हणून अभ्यासक 'मासा ६० सेंटीमीटरचा होता' एवढंच सांगून थांबत नाहीत. 'सुमारे ६०, चारेक सेंटीमीटर इकडे-तिकडे' असं सांगतात. ते 'इकडे-तिकडे' त्यांनी मनाने ठरवलेलं नसतं. बिंदू किती विखुरले आहेत ते मोजून काढलेलं असतं.

शिवाय हाड आणि शरीर नेहमी सारख्याच प्रमाणात वाढत नाहीत. आपल्याकडे बघा. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळपास पाव असतं, मोठ्या माणसाचं सातवा-आठवा हिस्सा. माशांतही असे फरक असतात. त्यामुळे 'जबडा दुप्पट तर मासा दुप्पट' असं गृहीत धरून चालत नाही, आधी मोजून बघावं लागतं. समप्रमाण हा नियम सगळीकडे आपोआप लागू होत नाही. तो लागू आहे का, हे तपासावं लागतं. मी वर्गात नेमकं हेच तपासलं नव्हतं.

लांबी दुप्पट, वजन आठपट

आता त्या सुरमईकडे येऊ. खडूच्या एका खोक्यापासून सुरुवात करा. त्याच आकाराचं, पण लांबीला दुप्पट खोकं हवं असेल तर रुंदीही दुप्पट लागते आणि उंचीही दुप्पट. आत किती छोटी खोकी मावतील? दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ. मासा वाढताना फक्त लांब होत नाही, जाड आणि रुंदही होतो. म्हणून माशाचं वजन साधारणपणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. अर्ध्या किलोची आठपट म्हणजे चार किलो. पोरीने 'अंदाजे ४' लिहिलं होतं. घन हा शब्द तिला माहीत नसेल, पण आईशेजारी बसून तिने शेकडो वेळा काटा पाहिला होता. तिच्या डोक्यात आलेख तयार होता, फक्त तो कागदावर नव्हता.

आणि 'अंदाजे' हा शब्दही बरोबरच होता. पोटात गाभोळी असली, खाणं चांगलं मिळालं असलं, तर त्याच लांबीचा मासा जास्त भरतो. तिने उत्तर दिलं, ते किती हलू शकतं हे सांगितलं आणि का हलू शकतं हेही सांगितलं. हाडं मोजणारे अभ्यासक याहून वेगळं काय करतात?

ओरन्से बेटावरचे खडे

या पद्धतीने काय हाती लागतं, याचं मला सर्वात आवडलेलं उदाहरण स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं आहे. तिथे ओरन्से नावाचं चिमुकलं बेट आहे. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी, शेती तिथे पोहोचण्याच्या काळात, शिंपले-मासे खाऊन राहणाऱ्या लोकांनी मागे टाकलेले शिंपल्यांचे ढिगारे त्या बेटावर आहेत. १९७० च्या दशकात पॉल मेलर्स यांनी त्यांचं उत्खनन केलं. ढिगाऱ्यांत माशांची हाडं आणि डोक्यातले खडे मिळाले, बहुतेक सेथ या कॉडच्या कुळातल्या माशाचे.

मेलर्स आणि मायकेल विल्किन्सन यांनी त्या खड्यांची लांबी मोजली. सेथ पहिल्या दोन-तीन वर्षांत झपाट्याने वाढतो आणि त्याची पिल्लं वर्षाच्या ठरावीक काळातच जन्मतात. म्हणजे खड्याच्या लांबीवरून माशाची लांबी कळते, लांबीवरून तो किती महिन्यांचा होता ते कळतं, आणि त्यावरून तो वर्षाच्या कोणत्या काळात पकडला तेही कळतं. तुलनेसाठी आजचे मासेही वेगवेगळ्या महिन्यांत पकडून मोजलेले होते. १९८० मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला. निरनिराळ्या ढिगाऱ्यांतले खडे निरनिराळ्या मापांचे आहेत. एका ढिगाऱ्यातले मासे उन्हाळ्यात पकडलेले, दुसऱ्यातले शरद ऋतूत, आणखी एकातले हिवाळ्याच्या सुमाराला.

विचार करा. नखाहून लहान खडे, आणि त्यांच्यावरून सहा हजार वर्षांपूर्वीची माणसं कोणत्या ऋतूत कुठे बसून जेवत होती ते दिसतं! ते लोक वर्षभर बेटावरच राहत होते की येऊन-जाऊन असत, यावर अभ्यासकांमध्ये अजून वाद आहे. पण वाद घालायलाही आधी माप लागतं, आणि ते या खड्यांनी दिलं.

अंदाज कुठे फसतो?

इथे मला पालकांशीही बोलायचं आहे. 'अंदाज शिकवा' म्हटलं की अनेकांना वाटतं, म्हणजे काहीही ठोकून द्यायला शिकवा. तसं अजिबात नाही. चांगला अंदाज करणाऱ्याला तो कुठे फसू शकतो हे आधी माहीत असावं लागतं. माशांच्या हाडांत अशा जागा भरपूर आहेत.

पहिली, चाळण. उत्खननात माती हाताने निवडली किंवा मोठ्या भोकांच्या चाळणीतून काढली, तर मोठ्या माशांची हाडं तेवढी हाती लागतात. बारीक हाडं मातीबरोबर निघून जातात. मग निष्कर्ष निघतो, 'पूर्वीचे मासे मोठेच होते!' खरं तर मोठी होती ती चाळणीची भोकं.

दुसरी, नेमकं कोणतं हाड? डोक्याजवळचा मणका आणि शेपटीजवळचा मणका सारखे नसतात. त्यातही मध्ययुगीन युरोपात नॉर्वेहून सुकवलेला कॉड दूरच्या शहरांत जायचा तो डोकं छाटून. त्यामुळे शहरांत मणके सापडतात आणि जबडे उत्तरेत, जिथे मासा सुकवला तिथे राहतात. म्हणून प्रत्येक हाडासाठी वेगळी रेषा तयार ठेवावी लागते.

तिसरी, रेषेचं टोक. संग्रहातला सर्वात मोठा मासा ९० सेंटीमीटरचा असेल आणि जमिनीतलं हाड त्याहूनही मोठ्या माशाचं असेल, तर रेषा पुढे वाढवून उत्तर काढावं लागतं. तिथे अंदाज डळमळीत होतो आणि तसं स्पष्ट लिहावं लागतं.

चौथी खास गणिताची आहे. लांबीत चूक झाली की वजनात ती फुगते. लांबी १० टक्क्यांनी जास्त धरली तर वजन किती जास्त येईल? १.१ चा घन १.३३१, म्हणजे सुमारे ३३ टक्के जास्त. हे मुलांना करून बघू द्या. घनमूळ-घनाच्या प्रकरणात यापेक्षा जिवंत उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

आणि शेवटची सर्वात महत्त्वाची. ढिगाऱ्यातली हाडं म्हणजे समुद्र नव्हे, ते कुणाचं तरी ताट आहे. मोठ्या गळाने मासेमारी करणाऱ्यांच्या उकिरड्यात मोठेच मासे मिळणार. समुद्रात लहान मासे नव्हते असं त्यावरून म्हणता येत नाही.

एवढं करून मिळतं काय?

काही जण म्हणतील, मेलेल्या माशांची लांबी कळून पोरांना काय मिळणार? याचं उत्तर कॉडने दिलंय.

अमेरिकेच्या मेन राज्यातल्या एका बेटावर टर्नर फार्म नावाचं प्राचीन स्थळ आहे. तिथल्या सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या थरांतल्या हाडांवरून कॉडची सरासरी लांबी सुमारे एक मीटर निघते. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्या समुद्रात मिळणारा कॉड याच्यापुढे अगदी लहान होता. त्याच महासागरात उत्तरेला, कॅनडाच्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर, कॉड इतका घटला की जुलै १९९२ मध्ये सरकारला त्याची मासेमारीच बंद करावी लागली. सुमारे ३०,००० लोकांचं काम गेलं.

मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये एक साधी पण अस्वस्थ करणारी गोष्ट मांडली. प्रत्येक पिढी स्वतःच्या उमेदीच्या काळात जेवढा मासा बघते, तेवढाच तिला 'नेहमीचा' वाटतो. पुढची पिढी त्याहून लहान मासा बघते आणि तिला तोच नेहमीचा वाटतो. असं करत करत किती गमावलं हे कुणाच्याच लक्षात येत नाही. आजोबा सांगतात, "आमच्या वेळी केवढे मासे मिळायचे!" आणि नातवंडं म्हणतात, "आजोबा वाढवून सांगतात." यात खरं कोण, हे ठरवायला माप लागतं. आजोबांच्याही आधीच्या काळाचं माप हवं असेल तर ते हाडांतच मिळतं.

हा प्रश्न आपल्या दारातही आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पिल्लं मोठी होऊन एकदा तरी अंडी घालू शकली पाहिजेत, हा त्यामागचा विचार. म्हणजे आमच्या वर्गातल्या मुलांच्या घरी आज 'हा मासा केवढा आहे' हा प्रश्न पोटापाण्याचा आहे आणि कायद्याचाही. ती मुलं गणिताच्या तासाला येतात तेव्हा आपण त्यांना सांगतो, 'इथे अंदाजे चालत नाही.'

मग वर्गात काय करायचं?

मी तीन गोष्टी सुचवते. करून बघा, पटलं तर ठेवा.

एक. ज्या घरांत मासे खातात, तिथे मुलांनी बाजारातून आणलेला बांगडा शिजवण्याआधी मोजायचा, वहीत लांबी लिहायची. जेवण झाल्यावर खालच्या जबड्याचं हाड धुऊन, सुकवून, नाव-तारीख घालून पाकिटात ठेवायचं. महिनाभरात वर्गाकडे स्वतःचा संग्रह तयार होतो. आलेख काढा. मग एका मुलाने एक हाड आणायचं आणि लांबी लपवून ठेवायची, बाकीच्यांनी आलेखावरून सांगायची.

सगळ्यांच्या घरी मासे खात नाहीत. कुणाला संकोच वाटेल असं करू नका. त्यांच्यासाठी आंबा आहे! मे महिन्याच्या सुट्टीत आंबा खाण्याआधी त्याची लांबी आणि वजन, खाऊन झाल्यावर कोयीची लांबी. शाळा उघडली की कोयीवरून आंबा ओळखायचा. तत्त्व तेच. हापूसची रेषा पायरीला चालत नाही हेही मुलांना आपोआप कळतं, जसं सेथची रेषा दुसऱ्या माशाला चालत नाही.

दोन. 'अंदाजे' लिहिलेल्या उत्तराला गुण द्या, पण दोन अटींवर. मुलाने 'किती इकडे-तिकडे' हे लिहिलं पाहिजे आणि 'कशावरून' हेही. या दोन अटी असल्या की ठोकून देणारा आणि विचार करणारा लगेच वेगळे दिसतात. परीक्षेत एकच नेमकं उत्तर लागतं हे मलाही माहीत आहे, मीही त्याच परीक्षेचे पेपर तपासते. पण वर्षातले सगळे तास परीक्षेचे नसतात. आणि ज्या मुलाला 'उत्तर ४ च्या आसपास यायला हवं' हे आधी दिसतं, ते आकडेमोडीत ४० आलं तर थबकतं. नेमक्या उत्तराचा राखणदार अंदाजच असतो.

तीन, आणि ही पालकांसाठी. बाजारात मुलांना सोबत न्या. भाजी असो, फळं असोत की मासळी, काट्यावर ठेवण्याआधी विचारा, "किती भरेल?" मग काटा बघा. चुकलं तर रागावू नका, "कशामुळे चुकलं असेल?" एवढंच विचारा. यासाठी शिकवणीची फी लागत नाही.

हे सगळं एका तासात होत नाही हे खरं. पण यात गणित आहे, विज्ञान आहे, भूगोल आहे आणि इतिहासही आहे. सहावीला आपण हडप्पा संस्कृती शिकवतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या हडप्पा शहरात समुद्री माशांची हाडं सापडली आहेत. ती तिथे पोहोचली कशी, हा प्रश्न वर्गात टाका. सुक्या मासळीच्या घरातलं पोर चटकन उत्तर देईल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये उत्खननातल्या प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास कित्येक दशकांपासून चालतो. म्हणजे हे काम परदेशातच करतात असंही नाही. आपल्या वर्गातलं कुणी उद्या तिथे बसून हाडं मोजेल.

राहिली ती मुलगी. यंदा ती आठवीत आहे. मी एके दिवशी तिच्या वर्गात गेले, तेच गणित फळ्यावर लिहिलं आणि सांगितलं, "मागच्या वर्षी मी याचं उत्तर चुकीचं दिलं होतं. वर्गात एकीचंच बरोबर होतं." मग खडूच्या खोक्यांनी घन समजावला. तिने वही उघडली, जुनं पान शोधलं आणि विचारलं, "बाई, मग फुली खोडणार का?"

खोडली. शेजारी बरोबरची खूण केली, सही केली आणि तारीख घातली.

तुमच्याही तपासलेल्या वह्यांत अशी एखादी फुली असेल. सापडली तर खोडा, आणि वर्गात काय झालं ते जरूर कळवा.